खुफूच्या पोटात शिरावं की दहशूर गाठावं?

कैरोत पिरॅमिडसाठी एकच दिवस असेल तर बहुतेकांचा बेत आधीच ठरलेला असतो: गिझा, मोठ्या म्हणजे खुफू राजाच्या पिरॅमिडच्या आत जायचं वेगळं तिकीट, स्फिंक्ससमोर फोटो. कैरोच्या दक्षिणेकडची पिरॅमिडांची दुसरी ठिकाणं, सक्कारा आणि दहशूर, सुचवली की लगेच विचारतात, "ते लहान पिरॅमिड ना?" दहशूरच्या लाल पिरॅमिडचा पाया साधारण २२० मीटर, खुफूच्या पिरॅमिडचा २३०. फरक इतकाच. लाल पिरॅमिड बसका दिसतो तो उतारामुळे. तो ४३ अंशांचा आहे आणि खुफूचा जवळजवळ ५२, म्हणून एकाची उंची १०५ मीटर आणि दुसऱ्याची मूळची १४६. लाल पिरॅमिड बांधणारा स्नेफ्रू हा खुफूचा बाप.

बाहेरून बघायचं असेल तर वाद नाही, गिझाच. तिथे पिरॅमिडचे प्रचंड दगड जवळून बघता येतात, आणि एवढा मोठा स्फिंक्स दुसरीकडे कुठेच नाही. (त्याचं नाक नेपोलियनच्या तोफेने उडवलं असं अजूनही सांगतात. नेपोलियन इजिप्तमध्ये आला १७९८ला आणि नॉर्डन या डॅनिश प्रवाशाने १७३७ला काढलेल्या चित्रात नाक आधीच गेलेलं आहे.) फक्त 'वाळवंटाच्या मधोमध पिरॅमिड' हे चित्र डोक्यातून काढून टाका. स्फिंक्सच्या पुढ्यात वस्ती सुरू होते. फोटोत दिसतं ते वाळवंट हवं असेल तर पिरॅमिडांच्या मागे, दक्षिणेकडच्या टेकाडावर जायला हवं. जुन्या प्रवासपुस्तकांत पिरॅमिडशेजारी खुफूच्या लाकडी होडीचं संग्रहालय दाखवतात. ती होडी २०२१मध्येच नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमकडे नेली.

खरी निवड आहे ती आत शिरण्याची. आणि तिथे माझं पारडं दहशूर-सक्काऱ्याकडे झुकतं, ते एका कटकटीमुळे.

खुफूच्या पिरॅमिडमध्ये आजची वाट लुटारूंनी खोदलेल्या बोगद्यातून जाते, कारण मूळ चढती वाट खालच्या तोंडाशी ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांनी बंद आहे. बोगदा त्या ठोकळ्यांना वळसा घालून वर निघतो. तिथून पुढची चढती वाट सुमारे ३९ मीटर लांब, १ मीटरहून जेमतेम रुंद आणि १.२ मीटर उंच, चढ २६ अंशांचा. म्हणजे कमरेत वाकून चढायचं. तेही एक वेळ चालेल, पण याच वाटेने वरचे लोक खाली येतात. दोन माणसं तिथे नीट एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. कुणीतरी भिंतीला चिकटून, वाकलेल्याच अवस्थेत, दहा-बारा जण उतरेपर्यंत थांबतं. पाठीवर सॅक असेल तर ती प्रत्येकाला अडकते. एखादा मोठा ग्रुप मध्येच अडला की सगळी रांग गोठते, घाम आणि श्वास तिथेच साठतो. याच ओलाव्याने आतल्या दगडावर मीठ फुटतं.

पुढची मोठी गॅलरी, साडेआठ मीटर उंच, खरोखर बघण्यासारखी आहे. पण वर राजाच्या खोलीत पोचल्यावर बरेच जण हिरमुसतात, कारण त्यांना भिंतभर चित्रलिपी अपेक्षित असते. तिथे सपाट ग्रॅनाइट आणि झाकण नसलेली शवपेटी आहे, बस. खुफूचं नाव आहे, पण छतावरच्या बंद पोकळ्यांत, मजुरांच्या टोळ्यांनी रंगाने लिहिलेलं. ते आपल्याला दिसत नाही.

चित्रलिपीने भरलेला पिरॅमिड हवा असेल तर सक्कारा. उनासचा पिरॅमिड बाहेरून मातीचा ढिगारा वाटतो, पण आत भिंतींवर निळा रंग भरलेल्या अक्षरांच्या उभ्या ओळी आणि छतावर चांदण्या आहेत. हा खुफूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आला, आणि पिरॅमिडच्या आत मजकूर कोरायची सुरुवात इथूनच झाली. उनास बंद असला तर तेतीचा पिरॅमिड बघा, तिथेही मजकूर आहे.

लाल पिरॅमिड सोपा आहे असं मात्र समजू नका. आधी बाहेरच्या पायऱ्यांनी २८ मीटर वर, मग आत ६० मीटरहून लांब उतार, आणि वाट खुफूच्यापेक्षाही बुटकी, मीटरभरसुद्धा उंच नाही. आत अमोनियासारखा उग्र वास येतो. दमा असेल किंवा बंद जागेची भीती असेल तर दोन्हीकडे बाहेरच थांबा. उतरताना शिडीवरून उतरतात तसं तोंड वरच्या बाजूला ठेवून उलटं उतरलं तर गुडघ्यांवर ताण कमी येतो. मांड्या दोन दिवस दुखतात, ते टळत नाही. पण समोरून येणारी गर्दी नसते, आपल्या वेगाने थांबत जाता येतं. आणि तळाशी ताठ उभं राहिलं की डोक्यावर बारा मीटरचं छत, दगडाचा प्रत्येक थर थोडा थोडा आत सरकत वर मिटत गेलेला. खुफूच्या गॅलरीत जी करामत दिसते, ती बापाने इथे आधी करून ठेवली आहे. शेजारी त्याचाच वाकडा पिरॅमिड आहे: खाली ५४ अंश, मध्यावर, बहुधा कोसळेल म्हणून घाबरून, ४३.

पिरॅमिड गुलामांनी बांधले ही गोष्ट दोन्हीकडे ऐकवली जाते. गिझाला १९९०पासून मजुरांची थडगी सापडत गेली, राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत बांधलेली; गुलामांना अशी जागा कोण देणार? लाल समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फला २०१३मध्ये मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली, त्यात तुरा इथल्या खाणींचा चुनखडक नावेने गिझाला नेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे हे मजूर खरेदी केलेले गुलाम नव्हेत, पण सगळे हौसेने आले असंही नाही. आपल्याकडचा 'वेठ' हा शब्द बहुधा जास्त जवळचा.

दहशूरला जायचं तर गाडी दिवसभरासाठीच ठरवा, परतीला तिथे टॅक्सी सहज मिळत नाही. क्रम आधी दहशूर, मग सक्कारा असा ठेवा, म्हणजे चढउतार उन्हाआधी आटोपतो. शुक्रवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. खिशात छोटी बॅटरी असू द्या, आणि सॅक गाडीतच ठेवा.