पाच भाषांची तोंडओळख की एकाच भाषेत मुरणं?

माझं जर्मन बी२पर्यंत, म्हणजे ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ या युरोपीय पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीपर्यंत, झालं आहे. रशियन, कोरियन, पोर्तुगीज आणि जपानी या चार भाषा मात्र मी तोंडओळखीपुरत्याच शिकले. दोन्ही वाटांवर चालून झाल्यामुळे ‘एकच धरू की थोडं थोडं सगळंच करू?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते : तुमच्या बोलण्यावर कोणी विसंबून राहणार आहे का?

राहणार असेल, तर एकच भाषा धरा. जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं तर साधारण बी२ लागतं, कारण रुग्णाला काय दुखतंय हे अंदाजाने समजून चालत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत. तिथे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी सोबत स्पॅनिशचाही वर्ग लावू नये, असं मला कळकळीने वाटतं. जपानीचंही तसंच. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन५ ही सर्वांत खालची पायरी, आणि तेवढ्यावर दुभाष्याचं काम मिळत नाही.

पाच भाषांचे ए१ मिळून एक बी२ होत नाही, हे फी भरण्याआधी लक्षात घ्यायला हवं. पाचही वर्गांत धडे तेच असतात : नाव, घरची माणसं, आकडे, घड्याळ, बाजारहाट. मत मांडणं, कारण देणं, भांडण मिटवणं हे पुढच्या पायऱ्यांवर येतं, आणि तिथवर आपण पोहोचतच नाही. वेळेचा अंदाज घ्यायचा तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास धरते आणि जपानीला सुमारे २२००.

विसरण्याच्या बाबतीत तर फरक फारच मोठा. वर्ग सुटल्यावर माझ्या रशियनमधली ३३ अक्षरं तेवढी उरली, विभक्ती पुसल्या गेल्या. जर्मन मध्ये दोन वर्षं बंद होतं, तरी आठवडाभर बातम्या ऐकल्या आणि ते परत आलं. माझ्या अनुभवात बी१च्या आसपास भाषा अंगात टिकू लागते.

मग तोंडओळख वाया जाते का? मुळीच नाही. नोकरी मिळत नसली, तरी तिच्यातून जे मिळतं ते मला फार मोलाचं वाटतं. कोरियाच्या राजा सेजोंगच्या काळात, १४४६ मध्ये जाहीर झालेल्या हंगुल या कोरियन लिपीत आज पायाभूत अक्षरं २४. आठवड्याभरात दुकानांच्या पाट्या वाचता येतात, आणि क-च-ट-त-प शिकलेल्या माणसाला तिची उच्चारांवर बेतलेली रचना लगेच भिडते. पोर्तुगीजच्या दोन-तीन महिन्यांत आपलंच घर नव्याने दिसलं : बटाटा, पाव, चावी, पगार, घमेलं, फीत, सगळे तिकडून आलेले.

जपानीत तर पहिल्याच आठवड्यात मी थबकले. ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी पाणी पिते’, शब्दक्रम जसाच्या तसा. आपल्या ‘ला’च्या जागी ‘नि’, ‘चा-ची-चे’च्या जागी ‘नो’. ‘ओइशिइ ने’ मधला ‘ने’ तर ‘छान झालंय ना’ मधला ‘ना’च वाटतो. नातं नाही, पण घडण जुळते. ‘मुळाक्षरांपासून शिकायचं, जमेल का?’ म्हणून घाबरणाऱ्या मराठी माणसाने जपानीला एक महिना जरूर द्यावा. कांजीचा, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांचा, डोंगर पुढे आहेच : नेहमीच्या वापरातली २१३६ चिन्हं.

जर्मनमध्येही आपल्याला तिन्ही लिंगं सवयीची असतात. ‘दास किंट’ म्हणजे ‘ते मूल’, दोन्हीकडे नपुंसकलिंगी. सूर्य मात्र तिकडे स्त्रीलिंगी, तेव्हा पाठांतर चुकत नाही.

निवृत्त असाल, प्रवासाची हौस असेल किंवा कोणती भाषा आवडेल हेच ठरत नसेल, तर मनसोक्त चाखा. फक्त दर भाषेतून काय घ्यायचं ते आधी ठरवा. एकीची लिपी, दुसरीचे उच्चार, तिसरीतले आपल्याकडे आलेले शब्द. तिशीच्या आत असाल आणि परदेशी जायचं मनात असेल, तर आधी एक भाषा बी१पर्यंत न्या. तोवर दुसरा वर्ग लावू नका. हंगुल नंतर दिवाळीच्या सुट्टीत होते.