घरी इंजिन बांधायचंय: ट्रायम्फ ६५० घ्यावी की बीएसए ए६५?

जुनी ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटारसायकल, घ्यायची आणि तिचं इंजिन दुसऱ्या कुणाकडे न देता स्वतःच्याच हाताने बांधायचं असं एकदा मनाने घेतलं, की फिरून फिरून चर्चा दोनच नावांवर येते. एक ट्रायम्फची युनिट ६५० (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत), म्हणजे ६टी, टीआर६, टी१२० ही मंडळी, आणि दुसरी बीएसएची ए६५. मी दोन्ही इंजिनं घरी क्रँकपासून (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा खालचा दांडा) वरपर्यंत खोलून बांधलीयेत, दोन्ही आजही चालतात, आणि दोन्हींबद्दल मला मनापासून प्रेम आहे. तरी ज्याला आत्ता निवड करायचीय आणि पहिल्यांदाच क्रँककेस (क्रँक ज्यात बसतो ती दोन भागांची पेटी, पुढे नुसतं केस) उघडायचंय त्याच्यासाठी माझं मत एका बाजूला झुकतं, आणि ते का झुकतं ते नीट सांगतो.

पॉवर किती, टॉप स्पीड किती, कुठली देखणी, हे सगळं तुम्ही आधीच वाचून झालं असणार, म्हणून ते सोडतो. घरी बांधणाऱ्यासाठी खरा प्रश्न वेगळाच असतो, की इंजिनचं कुठलं काम घराबाहेर जाणार आणि ते परत आलं की बरोबर झालंय का हे मला माझ्या टेबलावर तपासता येणार का. सिलिंडर बोअरिंग बाहेरच होणार, क्रँक ग्राइंडिंग बाहेरच होणार, व्हॉल्व्ह सीट कट करणंही बहुतेकांचं बाहेरच. पण बोअर करून आलेला ब्लॉक मी बोअर गेजने मोजू शकतो, क्रँकपिन (क्रँकवर कनेक्टिंग रॉड बसतो ती जागा) दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज केलीय की वीस हे मायक्रोमीटर सांगतो, आणि चुकलं असेल तर इंजिन बंद करायच्या आधी कळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

आधी वरच्या भागाचं बोलू, कारण तिथे बीएसए सरळ सरळ जिंकते आणि ते मान्य केलंच पाहिजे. ए६५ ला एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा), सिलिंडरच्या मागे, त्याची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणारे पुशरॉड ब्लॉकमधल्याच बोगद्यातून वर जातात, आणि हेडवर एकच अखंड रॉकर कव्हर. बाहेरून ते इंजिन इतकं गुळगुळीत आणि बंदिस्त दिसतं की त्याला पॉवर एग म्हणायचे. ऑइल बाहेर यायला जागाच कमी. कव्हर काढलं की रॉकर समोर, व्हॉल्व्हचा गॅप लावायचा (इनलेट ८ थाऊ, एक्झॉस्ट १० थाऊ) आणि कव्हर परत बसवायचं, संपलं काम.

ट्रायम्फमध्ये दोन कॅमशाफ्ट, एक पुढे एक मागे, आणि त्यामुळे पुशरॉड ट्यूब पण दोन, त्या बाहेरच्या बाजूला, ब्लॉक आणि हेडच्या मध्ये दाबून बसवलेल्या, प्रत्येकीला वर आणि खाली सील. जगातल्या बहुतेक ट्रायम्फ ऑइल गळतात ते इथूनच. सील वर्षावर्षाला बदललेत, जाडी वेगवेगळी, आणि जाड सील लावलं तर हेड गॅस्केटवर नीट बसत नाही, पातळ लावलं तर ट्यूब ढिली राहते. मी काय करतो, नवी सील आणि हेड गॅस्केट लावून हेड नुसतं वर ठेवतो, बोल्ट न आवळता, आणि हेड-गॅस्केटच्या मधली फट फीलर गेजने बघतो. तीस-चाळीस थाऊच्या आसपास असली तर बोल्ट आवळल्यावर सील पुरेसं दाबलं जातं असा माझा अनुभव आहे, आणि माझी ट्रायम्फ तिथून गळत नाही. वेळ जातो, पण सगळं डोळ्यासमोर, टेबलावर होतं. शिवाय हेडचे चार बोल्ट रॉकर बॉक्समधूनच जातात, म्हणजे रॉकर बॉक्स काढायचा तर हेडचे बोल्ट पण सैल करावे लागतात, हे डिझाइन मला कधीच पटलं नाही. गॅप पण फार बारीक, टी१२० ला इनलेट २ थाऊ आणि एक्झॉस्ट ४ थाऊ, हात स्थिर लागतो.

वरचाच भाग करायचा असता तर मी डोळे मिटून बीएसए म्हटलं असतं. पण इंजिन बांधणं म्हणजे खालचा भाग.

खाली आल्यावर पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच. क्रँकच्या आत स्लज ट्रॅप आहे, वर्षानुवर्षांचा काळा चिखल त्यात जाऊन बसतो आणि तो काढल्याशिवाय नवे बिग एंड शेल (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकातलं बेअरिंग) टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. ट्रायम्फमध्ये फ्लायव्हीलचा एक बोल्ट त्या ट्यूबला अडकवून ठेवतो, तो आधी काढायचा, मग टोकाचा प्लग. प्लग पंच मारून पक्का केलेला असतो, तो ठिपका ड्रिलने उडवायचा, गरम करायचं, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. बीएसएलाही प्लग तितकाच हट्टी असतो. हे काम कुणी टाळू नका, आधीच्या मालकाने "सगळं साफ केलंय" म्हटलं तरी.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्याने माझा निर्णय झाला. ए६५ चा क्रँक ड्राइव्ह साइडला (क्लचकडे ताकद जाते ती बाजू) बेअरिंगवर फिरतो (आधी बॉल, १९६६ पासून रोलर) पण टायमिंग साइडला (कॅमचे गिअर असतात ती बाजू) बॉल-रोलर बेअरिंग नाहीच, तिथे साधा बुश (धातूची गुळगुळीत नळी) आहे. आणि हा बुश दोन कामं करतो, क्रँकचं वजन पण तोच पेलतो आणि बिग एंडला जाणारं ऑइल पण त्याच्यातूनच क्रँकमध्ये शिरतं. बुश घासला की ऑइलला सोपी वाट मिळते, ते कडेने केसमध्ये पडतं, आणि क्रँकच्या आत जायला प्रेशर उरत नाही. सगळ्यात लांबचा बिग एंड म्हणजे ड्राइव्ह साइडचा, आधी तो कोरडा पडतो. मग खडखड, आणि दुर्लक्ष केलं तर कनेक्टिंग रॉड केसच्या बाहेर. ए६५ बदनाम झाली ती बरीचशी याच एका जागेमुळे, नाहीतर इंजिन दणकट आहे.

बरं, बुश झिजतो, मग नवा टाकू, असं वाटतं. जुना काढणं आणि नवा दाबून बसवणं घरी होतं, केस गरम करायची, ऑइलचं भोक जुळवायचं, झालं. पण बसवलेला बुश आतून त्या क्रँकच्या मापाला लाइन बोअर करावा लागतो. म्हणजे दोन्ही केस एकमेकांना बोल्टने जोडून, ड्राइव्ह साइडच्या बेअरिंगच्या घराला सेंटर धरून, त्याच रेषेत बुश कापायचा. हे घरच्या टेबलावर होत नाही. आणि बुशचं काम केलेला प्रत्येक टर्नर हे करू शकतो असंही नाही, कारण मापापेक्षा रेष महत्त्वाची आहे, आणि साध्या मशीन शॉपमध्ये बुश म्हटलं की भोकाचं माप विचारतात आणि लेथवर लावतात.

माझ्या केस ज्याच्याकडे गेल्या त्याने माप अगदी बरोबर दिलं होतं. बोअर गेजने मी तपासलं, जर्नल (क्रँकचा बुशमध्ये फिरणारा भाग) तपासलं, क्लिअरन्स हवी तेवढीच. केस जोडून रॉडशिवाय क्रँक फिरवला तर एका जागी किंचित जड लागायचा. किंचितच. आता हे किंचित म्हणजे बुश तिरका आहे, की शिम (पातळ चकती) कमी पडलाय (रोलरवाल्या मॉडेलला एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची आडवी ढिलाई, शिमने दीड ते तीन थाऊ ठेवायचा असतो), की केस जोडताना काहीतरी मध्ये आलंय, हे ठरवायला घरी काही साधनच नाही. शिम बदलून बघितले, केस परत परत उघडून जोडल्या, शेवटी दुसऱ्या एका मशीनिस्टकडे नेलं ज्याने रेष तपासली आणि बुश तिरका निघाला, नवा बुश, परत लाइन बोअर. पैशापेक्षा, मधला जो काळ गेला ना, की माझं इंजिन माझ्या हातात असून मला त्याच्याबद्दल खात्री नाही, तो मला फार जड गेला. बोअरिंग चुकलं तर मला कळतं, ग्राइंडिंग चुकलं तर कळतं, इथे मात्र मी दुसऱ्याच्या शब्दावर इंजिन बंद करणार होतो, आणि निकाल लागणार होता ते सगळं बांधून, स्टार्ट करून, ऑइल गरम झाल्यावर प्रेशर गेजवर.

ट्रायम्फमध्ये ही जागाच नाही. टायमिंग साइडला बॉल बेअरिंग, ते वजन पेलतं आणि बाकी काही करत नाही. केस ओव्हनमध्ये साधारण शंभर डिग्रीपर्यंत तापवली आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं की ते जवळपास स्वतःच्या वजनाने खाली बसतं, आणि नीट बसलं की त्याचा जो ठक्क आवाज येतो त्याने मन भरतं. ऑइल क्रँकमध्ये शिरतं ते क्रँकच्या टोकातून, टायमिंग कव्हरमध्ये एक छोटं सील आहे त्याच्यातून. ते सील झिजलं तर प्रेशर तिथेही पडतंच, पण ते बदलायला टायमिंग कव्हर काढलं की झालं, केस उघडावी लागत नाही, इंजिन फ्रेममधून काढावं लागत नाही, आणि कुणाला विचारावं लागत नाही. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

ट्रायम्फचं सगळंच सोपं आहे असं मात्र समजू नका. कॅमच्या गिअरचे नट उलट्या आट्याचे आहेत, माहीत नसलेला माणूस जोर लावून तोडतो. गिअर ओढायला पुलर लागतोच. टायमिंगच्या खुणा जुळवून बसवल्या आणि इंजिन दोन फेरे फिरवून परत बघितलं तर खुणा जुळलेल्या दिसत नाहीत, घाबरू नका, मधल्या गिअरला ४७ दात आहेत त्यामुळे त्या क्रँकच्या ९४ फेऱ्यांनीच परत समोर येतात. कॅमचे बुश बदलायचे म्हटलं तर रीमिंग तिथेही बाहेरच करावं लागतं, पण त्यांच्यावर भार कमी, ते सहसा झिजत नाहीत, मी माझे जुनेच ठेवले.

ऑइल पंपाचंही थोडं असंच. ट्रायम्फचा प्लंजर पंप, दोन प्लंजर, खाली दोन बॉल व्हॉल्व्ह, केरोसीनने धुवायचा, ऑइल भरून प्लंजर दाबायचा, ऑइल मागे येतंय का बघायचं, पाच मिनिटांत कळतं चांगला की वाईट. बीएसएचा गिअर पंप जास्त ऑइल फिरवतो असं म्हणतात आणि ते खरं असेलही, पण जुन्या पंपांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, नट जरा जास्त आवळले की वाकते आणि गिअर अडकायला लागतात. कास्ट आयर्नचा पंप मिळाला तर तोच लावा.

चालवायला? ए६५ चा स्ट्रोक आखूड, ७५ बाय ७४ (बोअर बाय स्ट्रोक, मिलिमीटरमध्ये), ट्रायम्फचा लांब, ७१ बाय ८२, आणि मला तरी बीएसए खालून जास्त जोरकस वाटते, थरथर मात्र वर गेल्यावर जास्त. इथे तुमचं मत वेगळं असू शकतं. १९५१ पासून ट्रायम्फ बीएसएच्याच मालकीची होती, तरी मेरिडन (ट्रायम्फ) आणि स्मॉल हीथ (बीएसए) इथल्या कारखान्यांनी ही ट्विन इंजिनं शेवटपर्यंत वेगळी ठेवली, त्यामुळे एकाचं आतलं सामान दुसऱ्याला लागेल या भरवशावर राहू नका. ट्रायम्फ घेताना १९७१ चं मॉडेल असेल तर एक बघून ठेवा, त्या वर्षीच्या नव्या, आतच ऑइल साठवणाऱ्या फ्रेममध्ये सुरुवातीची इंजिनं रॉकर बॉक्स लावून बसतच नव्हती, आधी इंजिन आत, मग वरचं काम, त्या अडचणीच्या जागेत.

ज्याच्याकडे लाइन बोअरिंग जाणणारा, ब्रिटिश इंजिनं केलेला खात्रीचा मशीनिस्ट आहे त्याने ए६५ बिनधास्त घ्यावी, वरचा भाग बघून खूश होईल. टायमिंग साइडला नीडल रोलर बसवून ऑइल क्रँकच्या टोकातून देण्याचं कन्व्हर्जन पण आहे, ते नीट झालं तर बुशचा प्रश्नच मिटतो, फक्त ते कामही केसवर मशीनिंगचंच आहे, म्हणजे परत तोच माणूस लागतो. असा माणूस नसेल, आणि बहुतेकांकडे नसतो, तर माझ्या मते ट्रायम्फ घ्या आणि पुशरॉड ट्यूबवर एक रविवार घालवा.

आणि ए६५ आधीच घरात येऊन पडली असेल तर पिस्टन, शेल, गॅस्केट काहीही मागवायच्या आधी केस आणि क्रँक एकत्र त्या मशीनिस्टकडे न्या. जर्नल ग्राइंड करायचं असेल तर ते आधी, मग त्या मापाचा बुश, मग लाइन बोअर. घरी आल्यावर रॉड न लावता केस जोडून क्रँक बोटाने फिरवून बघा, पूर्ण फेरा सारखाच हलका लागला पाहिजे. तो लागेपर्यंत बाकी सामानाच्या पिशव्या उघडू नका.