सिजिलचा डबा: आठ महिने वापरून झाल्यावर

गेल्या शनिवारी डब्याचा चौथा कोपरा सुटला. पहिले तीन भारतात येतानाच गेले होते. हा चौथा मात्र आमच्याच टेबलावर, चहाचा ट्रे ठेवायला जागा करताना फाटला, आणि म्हणून हे लिहायला बसलो.

'प्लेनस्केप' म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळासाठी काढलेलं एक काल्पनिक जग, आणि सिजिल हे त्यातलं गाव. माझ्याकडे आहे तो १९९४ चा मूळ बॉक्स सेट, टीएसआर या खेळाच्या मूळ अमेरिकन कंपनीने काढलेला. लेखन झेब कुक यांचं, चित्रं टोनी डिटर्लिझी यांची. आतले नियम खेळाच्या सेकंड एडिशनचे, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचे. ते आम्ही वापरत नाही. खेळ २०१४ च्या फिफ्थ एडिशनवर चालतो, डब्यातून फक्त जग घेतो. थॅको (वार लागला की नाही ते ठरवायचा जुन्या नियमांतला आकडा) शिकायचं माझं वय राहिलेलं नाही.

आता माझी खोड सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना चिडचिड होणार नाही. मी छपाईच्या धंद्यात आहे. प्रेस माझा नाही, मी एस्टिमेट काढतो. पुस्तक असो, लग्नपत्रिका असो की मिठाईचा खोका, कागद किती, प्लेटा किती, वेस्टेज किती, बायंडिंगचे किती, हे बावीस वर्षं सांगतोय. त्यामुळे डबा उघडला तेव्हा बाकीच्यांना चित्रं दिसली आणि मला फॉर्म दिसले, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घालतात ते पानांचे गठ्ठे. पुस्तिका चार: ३२, ६४, ९६ आणि पुन्हा ३२ पानांची. सोळा पानी फॉर्म धरला तर बरोबर १४ फॉर्म, आणि तेही रंगीत. वर चार मोठे घडीचे नकाशे. डंजन मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, नियमांचे तक्ते छापलेला पडदा. आणि हे सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण वेगळं, तळ वेगळा, दोन्हींवर छापील कागद चढवलेला. आमच्याकडे असा डबा अजून हातानेच चढवतात आणि कारागीर नगावर पैसे घेतो.

छापील किंमत ३० डॉलर. त्यातून दुकानदाराचं कमिशन गेलं, वितरकाचं गेलं, की प्रकाशकाच्या हाती निम्म्याहून कमीच उरणार. त्यात लेखक, चित्रकार, संपादक, कागद, छपाई, हा डबा आणि त्याची वाहतूक.

हे परवडलं कसं? पहिले दोन-तीन महिने मी याच एका प्रश्नात अडकलो होतो. खेळताना मध्येच झाकण उलटं करून पुठ्ठ्याची जाडी चाचपायचो. आमच्या गटातली एकजण शेवटी म्हणाली, "दादा, ड्रॅगन समोर उभा आहे, तुम्ही खोक्याचं काय घेऊन बसलात?"

तर उत्तर असं, की परवडलंच नव्हतं. निदान या कंपनीच्या बऱ्याच मालाबद्दल तरी नाही. १९९७ मध्ये टीएसआर बुडायला आली आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या गेम कंपनीने ती घेतली, तेव्हा घेणाऱ्यांच्या बाजूने हिशेब पाहिलेल्या रायन डान्सी यांनी पुढे लिहिलं की कित्येक वस्तू बनवण्याचा खर्च त्या विकून हाती येणाऱ्या पैशांपेक्षा जास्त होता. एखादा नग असा जाऊ शकतो, माझेही गेलेत. पण वर्षानुवर्षं?

इथे मला आमच्याकडचे दिवाळी अंक आठवतात. अंक स्टॉलवर गेला म्हणजे विकला गेला असं नसतं. डिसेंबरात गठ्ठे परत येतात, आणि ज्याने नोव्हेंबरातच वहीत जमा धरून पेढे वाटले त्याचे वांधे होतात. टीएसआरचा पुस्तकांच्या दुकानांतला माल रँडम हाऊस या मोठ्या प्रकाशन कंपनीमार्फत जायचा. माल त्यांच्याकडे पोचला की पैसे यायचे, आणि दुकानांतून परत आला की तेच पैसे देणं होऊन बसायचं. सरळ मराठीत जांगड. मग हातात रोकड हवी असेल तर सोपा मार्ग काय? आणखी माल छापा आणि पाठवा. गिऱ्हाईक आहे की नाही ते नंतर पाहू. १९९५ मध्ये 'ड्रॅगन डाइस' नावाचे खेळायचे फासे आले, सुरुवातीला चांगले खपले, म्हणून भरमसाट बनवले आणि ते पडून राहिले. १९९६ मध्ये परतीचा माल धो धो आला. कर्ज ३ कोटी डॉलरच्या वर गेलं, छापखान्याचं बिल थकलं, आणि छापखान्याने काम थांबवलं. १९९७ चे पहिले काही महिने या कंपनीचं नवं काहीही बाजारात आलं नाही. मी छापखान्याच्या बाजूचा माणूस. बिल थकवून पुढचं काम घेऊन येणारी गिऱ्हाइकं रोज बघतो. माझी सहानुभूती कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि जगं तरी किती काढली! १९९१ ला 'डार्क सन', १९९२ ला 'अल-कादिम', १९९४ ला आपलं हे, १९९५ ला 'बर्थराइट'. आधीची 'फरगॉटन रेल्म्स', 'ड्रॅगनलान्स', 'रेव्हनलॉफ्ट' चालूच. 'डार्क सन'वाला 'रेव्हनलॉफ्ट' घेईना, 'रेव्हनलॉफ्ट'वाला 'प्लेनस्केप' घेईना. एकाच खेळाची गिऱ्हाइकं आपणच सात दुकानांत वाटून टाकली आणि प्रत्येक दुकानाला स्वतंत्र डबे, नकाशे, चित्रकार. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात १९७३ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी ही कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या छपाईच्या प्रती होत्या एक हजार, आणि ते डबे हाताने जुळवलेले. या लोकांना डब्याची हौस पहिल्यापासूनच.

डबा माझ्याकडे कसा आला ते थोडक्यात. न्यू जर्सीतल्या भाच्याने १४० डॉलरला जुना घेतला ("मामा, नक्की ना? हे पुस्तक सुद्धा नाहीये पूर्ण") आणि सामानात घालून आणला. बॅग चेपून आली, डब्याचे तीन कोपरे फुटले. विमान कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी आधी खरेदीची पावती मागितली, मग बॅगेचा फोटो, मग बॅगेच्या आतला फोटो, मग कळवलं की पुठ्ठा ही 'नाजूक वस्तू' आहे आणि ती चेक-इन करायची नसते. नऊ ईमेल झाल्यावर पुढच्या प्रवासाचं कूपन दिलं. त्याची मुदत भाचा परत यायच्या आत संपली. कोपऱ्यांना मी घरीच ब्राऊन टेप लावला.

वापर कसा? आमचा गट पाच जणांचा, कोथरूडला, दर दुसऱ्या शनिवारी. सिजिल हे गाव हातातल्या कड्यासारखं गोल, आतल्या बाजूने वसलेलं, मान वर केली की डोक्यावर दुसऱ्या गल्लीची कौलं. कुठलीही कमान, कुठलंही खिडकीचं भोक दुसऱ्या जगाचं दार असू शकतं, फक्त त्याची किल्ली हवी. किल्ली म्हणजे लोखंडाचीच असं नाही. एखादी वस्तू, एखादी खूण, मनातला विचार सुद्धा चालतो. ही एक कल्पना १४० डॉलरची आहे. पहिल्याच सत्रात मी पीएमटीचं जुनं तिकीट किल्ली म्हणून टेबलावर ठेवलं. ते आमच्या एका खेळाडूने पाकिटात ठेवलंय, अजून परत देत नाही.

आणि बोली. मूळ पुस्तिकांमध्ये जुन्या लंडनच्या चोरांच्या भाषेवरून उचललेली गावगुंडांची बोली आहे, पैशाला 'जिंक', मूर्खाला 'बर्क'. महिनाभर आमच्या तोंडी ती बसेना. मग कुणीतरी 'डेड-बुक'चं (म्हणजे मेला याचं) 'वहीत नाव चढलं' केलं आणि गाडी सुटली. 'जिंक'ची चिल्लर झाली. 'बर्क'ला मात्र पुण्यात शब्दांचा तोटा नव्हता, त्यावर मतदान घ्यावं लागलं.

पाचव्या महिन्यात माझं मत थोडं पालटलं. नकाशे सुंदर आहेत, पण टेबलावर अडचण करतात. उघडला तर फाशांना जागा उरत नाही, घडी घातली तर पाहिजे तो भाग मागे जातो, आणि घडीवरचा रंग उडायला लागलाय. चारपैकी दोन मी आठ महिन्यांत एकदाच उघडले. पडद्यावरचे तक्ते आमच्या नियमांना लागू नाहीत. म्हणजे ज्या उधळपट्टीवर मी भाळलो होतो, त्यातली निम्मी मला लागतच नाही. एक ९६ पानांची आणि एक ३२ पानांची पुस्तिका, साधी सेंटर पिन, १५ डॉलर. एवढ्यावर आमची आठ महिन्यांची खेळी झाली असती. टीएसआरमध्ये हे कुणी गिऱ्हाइकाला विचारलं नाही, ही डान्सी यांची मुख्य तक्रार होती. आधी मला ती विकत घेणाऱ्याची शेखी वाटली होती. आता पटते.

म्हणून वारसदारांकडे वळलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये विझर्ड्सने 'प्लेनस्केप' पुन्हा काढलं. कडक बांधणीची तीन पुस्तकं एका कव्हरात, ९६, ६४ आणि ९६ पानं, ८४.९९ डॉलर. १९९४ चे ३० डॉलर महागाई धरून २०२३ मध्ये साठच्या आसपास होतात. मित्राचं पाहिलं. बांधणी उत्तम, कॉस्टिंग करणाऱ्याने झोप काढलेली नाही. हा माणूस टीएसआरमध्ये असता तर कंपनी वाचली असती. पण मी ते घेतलं नाही, आणि कारण किंमत नाही (बरं, थोडीशी किंमत आहे).

कारण असं, की आताच्या मालकांना नक्की काय विकायचंय ते मला उमगत नाही. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझर्ड्स साडेबत्तीस कोटी डॉलरना घेतली. घरातला कमावता मुलगा म्हणजे 'मॅजिक'चे पत्ते, एकट्या त्यांची वर्षाची उलाढाल २०२२ मध्ये १०० कोटी डॉलरवर गेली. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाजलेला, पण कमाईत धाकटा. २०२२ मध्ये 'डी अँड डी बियाँड' ही डिजिटल सेवा १४.६३ कोटी डॉलर मोजून घेतली, आणि त्याच डिसेंबरात विझर्ड्सच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की या ब्रँडमधून मिळायला हवा तितका पैसा मिळत नाही. खेळणाऱ्यांत डंजन मास्टर पाचवा हिस्सा, पण खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच, असंही त्या म्हणाल्या. हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्याकडे डबा माझा, फासे माझे, वडे माझे.

पुढच्याच महिन्यात नव्या परवान्याचा मसुदा फुटला. २००० सालापासून जो परवाना इतर प्रकाशकांना मोकळेपणाने लिहू देत होता, त्याच्या जागी साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा. उत्पन्नावर, नफ्यावर नव्हे! या धंद्यात २५ टक्के सुटतात कुणाला? लोकांनी 'बियाँड'च्या वर्गण्या रद्द केल्या आणि २७ जानेवारी २०२३ ला कंपनीने माघार घेत नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरता येणाऱ्या खुल्या परवान्याखाली मोकळा केला. तो आता परत घेता येत नाही. टीएसआरला गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकूच आलं नाही. यांना आलं, पण दारात मोर्चा आल्यावर.

मग आलं ते मला सगळ्यात लागलेलं. त्यांनी संगणकावर खेळायचं त्रिमितीय टेबल बनवलं आणि त्याला नाव दिलं सिजिल. माझ्या डब्यातल्या गावाचं. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस ते लोकांसमोर ठेवलं, आणि मार्चमध्ये त्यावर काम करणाऱ्या सुमारे तीस जणांना घरी पाठवलं. त्याच वर्षी जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स हे या खेळाचे दोन मोठे मोहरेही कंपनी सोडून डॅरिंग्टन प्रेस या दुसऱ्या गेम प्रकाशकाकडे गेले.

त्यांना माझा सल्ला नको आहे, तरी एस्टिमेट काढून देतो. फिफ्थ एडिशनची मुख्य पुस्तकं अजून पीडीएफमध्ये विकत नाहीत. ती विका. माझा १९९४ चा डबा पीडीएफमध्ये हेच लोक अधिकृतपणे विकतात आणि तो स्वस्त आहे, म्हणजे जमतं. डंजन मास्टर सर्वांत जास्त खर्च करतो हे कळलंय, तर त्याला महिन्याच्या वर्गणीत अडकवण्याऐवजी हातात धरता येईल अशी छोटी पुस्तिका द्या. ३२ पानं, दोन फॉर्म, एक कल्पना. डबा नको.

नवीन घेणाऱ्यांसाठी: जुना डबा १४० डॉलरला घेऊ नका. पीडीएफ घ्या, ९६ पानी पुस्तिका ब्लॅक अँड व्हाइट काढा, चित्रांची पानं तेवढी रंगीत. मी पुन्हा घेईन का? घेईन. पण मला विचारू नका, मी झाकण चाचपणारा माणूस आहे.

काल अप्पा बळवंत चौकाजवळच्या आमच्या ओळखीच्या बाइंडरकडे डबा नेला. माझा टेप बघून तो हसला, तो सोलून काढला आणि चारी कोपऱ्यांना आतून-बाहेरून कापडी पट्टी लावली. १८० रुपये. झाकण हातात धरून त्याने विचारलं, "साहेब, हा एवढा चांगला खोका, यात आधी काय मिठाई होती?" कापडाने तळ जरा जाड झालाय, त्यामुळे झाकण आता पूर्ण बसत नाही, बोटभर वरच राहतं. सध्या रबर बँड लावून ठेवलाय.