मोहर्लीतला होमस्टे: ताडोब्याचा पहिला दिवस सोपा करणारा

वरोऱ्याहून आई-बाबांना घेऊन गेलो होतो. दोघांचीही ही पहिलीच सफारी. मोहर्ली गेटजवळ, गावातल्याच एका घराच्या खोल्या आहेत. खोली साधी, पण संडास लखलखीत आणि पहाटे उठायच्या आत गरम पाणी तयार. थंडीत सकाळच्या सफारीला जाणाऱ्याला अजून काय पाहिजे!

खरी कमाल मालकीणबाईंची. आदल्या संध्याकाळीच त्यांनी आमची तयारी तपासली. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच, मूळ प्रत, खिशात आहे का? मोबाइल कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, चालत नाही, तो खोलीतच ठेवा. भडक रंगाचे कपडे नको. उघड्या जिप्सीत डिसेंबरचं वारं कानात शिरतं, म्हणून आईला त्यांनी स्वतःची शाल काढून दिली. "अन् काकाजी, वाघच पायजे असा हट्ट नका धरू," हेही बजावलं. बाबांना ते काही पटलं नाही. पण रानगव्यांचा कळप आडवा आला, तेव्हा गाडीत सगळ्यात गप्प तेच होते.

जेवणात ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वरून भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. ठेचा जपून घ्या, नागपूरवाल्यांनीसुद्धा.

उणं एकच: नाश्त्याचे पोहे गार आणि कोरडे, तर्रीचा, म्हणजे तिखट रश्श्याचा, पत्ता नाही. नेटवर्कही मनात येईल तेव्हाच, म्हणून रोख पैसे ठेवा. आणि मंगळवारी कोअरची सफारी बंद असते, मुक्काम त्या हिशोबानंच धरा.