पिंट: एककांची चूक जागच्या जागी पकडणारी पायथन लायब्ररी

सूत्रात आकड्यांसोबत एककंही घालायची, मिती (राशी लांबी, वस्तुमान, काळ यांतून कशी बनते ते) जुळवायचं काम पिंट करते. विष्यंदिता गुणांकाचं (द्रव किती दाट वाहतो याच्या मापाचं, viscosity) एकक आठवत नाही? बल गुणिले अंतर, भागिले क्षेत्रफळ आणि वेग, असं मांडा. मूळ एककांत उत्तर येतं किलोग्रॅम प्रति मीटर प्रति सेकंद, म्हणजेच पास्कल-सेकंद. हे नाव मात्र ती आपणहून देत नाही. रूपांतर मागावं लागतं. दाबात बल मिळवायला गेलात तर तिथेच त्रुटी दाखवून थांबते. ही शिस्त फार मोलाची आहे.

पण मितींच्या मर्यादा तिलाही चुकलेल्या नाहीत. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला (½mv²) अर्धा विसरलात तर ती गप्प राहते. आघूर्णाचं (फिरवणाऱ्या बलाचं, torque) न्यूटन-मीटर बिनतक्रार ज्यूलमध्ये बदलून देते. सर्वांत फसवा प्रकार कोनांचा: ६० आरपीएम (मिनिटाला ६० फेरे) हर्ट्‌झमध्ये मागितले की १ ऐवजी ६.२८ मिळतात, कारण रेडियन मितिहीन आणि एक फेरा म्हणजे २π रेडियन. वारंवारिता हवी असेल तर २π ने स्वतः भागा. तापमान गुणाकारात घ्यायचं तर आधी केल्विनमध्ये आणा. सेल्सियसचा शून्य सरकलेला असल्याने ती अडते, आणि अडते तेच बरोबर आहे.