कोला की आफा? इग्बो शकुनाच्या दोन वाटा

आग्नेय नायजेरियात इग्बो लोकांच्या घरी पाहुणा आला की कोला या झाडाची बी फोडतात आणि पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर एके, ओरिए, आफो, न्क्वो हे चार बाजारदिवस, म्हणजे सगळं सुरळीत. तीन हा शूरांचा कौल, पाच म्हणजे संतती नि भरभराट. (अर्थ गावागणिक थोडे बदलतात.) दोनच पाकळ्यांची जात विधीला चालत नाही.

आजारपण किंवा पूर्वजांचा कोप असेल, तर मात्र दिबिया, म्हणजे शकुन सांगणारा वैदू, गाठायचा. तो आफा या शकुनविद्येच्या चार माळा टाकतो. प्रत्येकीत चार अर्धी कवचं. एका माळेत कवचं उताणी-पालथी पडण्याच्या १६ तऱ्हा, दोन माळांच्या जोडीने २५६. या विद्येमागची देवता आग्वू. कोला घरचा वडीलधाराही वाचतो, पण ‘असं का झालं?’ विचारायचं तर मला आफाच जास्त सखोल वाटते.