बेल आता दिसते: ऐकू कमी येणाऱ्यांसाठीचा दिव्याचा बेलसंच, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे हे रोज सकाळी साडेपाचला फिरायला जातात आणि महिन्यातून दोनदा तरी किल्ली विसरतात. गेल्या पावसाळ्यात असेच विसरले. परत आले, बेल दाबली, दार बडवलं, फोन केला आणि शेवटी जिन्यातल्या पायरीवर पेपर वाचत बसले. सातला मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर पिशवीशेजारी हे! रागावले नाहीत. ‘आज अग्रलेखसुद्धा वाचून झाला,’ एवढंच म्हणाले. मला मात्र दिवसभर घास गोड लागला नाही.

माझं वय ६३. उजव्या कानाची ऐकण्यातली तूट ६२ डेसिबल, डाव्याची ६८. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची तूट ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘ऐकू कमी येणारी व्यक्ती’ आणि ७० च्या पुढे ‘बहिरी’ असा हिशेब आहे. म्हणजे मी उंबरठ्यावर. दिवसा दोन्ही कानांत मशीन असतं आणि समोरासमोर बोलताना फारसं अडत नाही. पण रात्री मशीन काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. रात्री माझे कान कपाटावरच्या डबीत असतात, हे घरच्यांनासुद्धा समजावून सांगावं लागतं. आंघोळीला गेले की तेच, आणि दुपारी जरा पाठ टेकली तरी तेच.

यावर माझा जुना तोडगा म्हणजे दार नुसतं लोटून ठेवायचं. ज्याला यायचं त्याने ढकलून यावं. पुण्यात राहून असं करणं बरं नव्हे, हे मला कळत होतं, पण बेल ऐकायची वाट बघत हॉलमध्ये किती बसणार?

आधी फुकटचा उपाय करून पाहिला. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत २०२० पासून आजूबाजूचे आवाज ओळखून सूचना देण्याची सोय आहे: बेल, धुराचा अलार्म, बाळाचं रडणं. पुतण्याने माझ्या फोनवर ती सुरू करून दिली. ओळखतो फोन, नाही असं नाही. पण फोन चार्जिंगला आतल्या खोलीत, बेल बाहेर आणि मी ओट्याशी. शिवाय टीव्हीवरच्या मालिकेत कुणी बेल वाजवली तरी मी उठून दाराशी. महिन्याभराने ते बंद केलं.

मग आवाजाऐवजी दिव्याने आणि थरथरीने कळवणारा हा बिनतारी संच मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि या सगळ्या संचांची रचना साधारण एकाच जातीची असते. एक मोठा दिवा, तो लखलखतो. एक छोटा दिवा, प्लगमध्ये खोचायचा. कमरेला लावायचा पेजर, तो थरथरतो. दाराचं बटण, धुराचा सेन्सर, गजराचं घड्याळ आणि त्याला जोडलेली, गादीखाली ठेवायची थरथरणारी चकती. आणि लँडलाइन फोनला जोडायची एक डबी, जी आमच्याकडे अजून खोक्यातच आहे. लँडलाइन आहे कुठे? सगळं मिळून १६,८०० रुपये.

बसवायला नेहमीचा वायरमन आला. त्याने संचातली दाराच्या बेलसाठीची डबी हातात घेतली आणि जुन्या बेलच्या तारा तिला जोडायला निघाला. मी माहितीपत्रक वाचत होते म्हणून बरं. त्या डबीला तारा जोडायची जागा आहे खरी, पण ती १२ ते २४ व्होल्टच्या बेलसाठी. बाहेरच्या देशांत बेल ट्रान्सफॉर्मरवर चालते, आपली डिंगडाँग थेट २३० व्होल्टवर. जोडली असती तर पहिल्याच पाहुण्याने १६,८०० चा भडका पाहिला असता. कुणी असा संच घेणार असाल तर हे एक वाक्य वायरमनला आधी वाचून दाखवा. आम्ही तारांच्या भानगडीत पडलोच नाही. सोबत आलेलं बॅटरीचं बटण दाराच्या चौकटीला चिकटवलं आणि जुनी बेल काढून टाकली.

आणि तिथेच फसलो. नवं बटण दाबलं की आत दिवा लखलखतो, पण बाहेर उभ्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. त्याला वाटतं बेल बंद आहे. मग तो दाबतच राहतो, नाहीतर दार बडवतो, आणि पार्सलवाला असेल तर ‘घरी कोणी नाही’ असा निरोप टाकून चालू पडतो. चार पार्सलं अशी परत गेली. ऐकू येणाऱ्यांना आवाज लागतो, ही गोष्ट मला सुचलीच नव्हती! पुतण्याने त्याच बटणावर चालणारी एक वाजणारी बेल हॉलच्या प्लगमध्ये लावली, तेव्हा कुठे लोक शांत झाले. शिवाय बटणाखाली पाटी लावली आहे: ‘बेल एकदाच दाबा. आत दिवा लागतो. मी येते.’ या पाटीचा उपयोग संचातल्या निम्म्या वस्तूंपेक्षा जास्त झाला.

दिवा कुठे ठेवायचा, यावर माझे तीन आठवडे गेले. माहितीपत्रक म्हणतं, ‘सहज दिसेल अशा ठिकाणी’. सहज म्हणजे काय? हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला, तर दुपारी चारला पश्चिमेचं ऊन येतं आणि त्या उन्हात दिवा लागला काय नि विझला काय. स्वयंपाकघरात खिडकीत ठेवला, तर मी ओट्याकडे तोंड करून, खिडकी पाठीमागे. मग एकदा पोळ्या लाटताना समोरच्या पांढऱ्या टाइल्सवर काहीतरी चमकलं. हॉलमधला दिवा फ्रिजच्या दारावरून उडून टाइल्सवर आला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: दिवा बघायचाच नाही, त्याचा उजेड जिथे पडतो ते बघायचं. आता मोठा दिवा फ्रिजवर आहे, तोंड टाइल्सकडे. फोडणीत डोकं घातलेलं असलं तरी सगळा ओटा उजळतो. छोटा दिवा हॉलमध्ये, भिंतीकडे तोंड करून. बेडरूममध्ये सुरुवातीला सिग्नलच पोचत नव्हता. मध्ये साड्यांचं पत्र्याचं कपाट उभं होतं. भिंतीतून रेडिओलहरी जातात, पत्र्यातून नाही. कपाट हात दीड हात सरकवल्यावर पोचला.

दुसऱ्या महिन्यात भुताटकी झाली. दिवा लागायचा, दार उघडावं तर कोणी नाही. दिवसातून तीन-चारदा. ‘पोरं बेल दाबून पळतात,’ असा ह्यांचा निष्कर्ष. मी चार दिवस दाराच्या भोकाला डोळा लावून बसले. पोरं नव्हती. तिसऱ्या मजल्यावर नवी रिमोट बेल बसली होती, तीही आमच्यासारखी ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर, आणि दोघींचा कोड नेमका एकच. त्यांच्याकडे कामवाली आली की माझा दिवा लागायचा. म्हणजे आमची बेलही त्यांच्याकडे वाजत असणार. त्यांनी बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. कंपनीला फोन केला तर पलीकडचा म्हणाला, ‘मॅडम, जोरात बोला.’ बहिऱ्यांसाठी वस्तू विकणाऱ्यांनी तक्रार फक्त फोनवरून घ्यावी, याला काय म्हणावं? शेवटी पुतण्याने बटण उघडून आतला कोड बदलला, दिव्याला नवा कोड शिकवला. दहा मिनिटांचं काम.

आता चकती. वाटीएवढी गोल, जाड वायरने घड्याळाला जोडलेली. गजर झाला, बेल वाजली किंवा धूर झाला की थरथरते. पहिल्या रात्री कापसाच्या गादीखाली ठेवली, तर मला काही कळलंच नाही. गादीने सगळी थरथर पिऊन टाकली. मग गादीच्या आणखी खाली, थेट पलंगाच्या प्लायवर ठेवली. प्लाय असा काही थडथडला की हे ताडकन उठून बसले आणि मी झोपलेलीच. तिसऱ्या रात्री उशीखाली ठेवली. पहाटे उशी हलली आणि मी ओरडत दाराशी पोचले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कऱ्हाडला होते, सहा वर्षांची. आजीने मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. ते अंगात कुठेतरी बसलेलं असावं. आता चकतीला लोकरीचा मोजा घातला आहे आणि ती उशीखाली नाही, खांद्याच्या बाजूला चादरीखाली असते. मोज्यात धक्का नरम होतो, पण जाग हमखास येते. आठ महिन्यांत गजर एकदाही चुकला नाही. एवढ्या एका वस्तूसाठी मी संचाला पैकीच्या पैकी देईन.

धुराच्या सेन्सरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. नेहमीच्या स्मोक अलार्मचा आवाज साधारण ३,१०० हर्ट्झचा, कर्कश असतो. वय झालं की आधी हेच उंच स्वर जातात. मी मशीन काढून अलार्मचं बटण दाबलं. ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मला ठार काही नाही. ५२० हर्ट्झचे, खालच्या पट्टीतले अलार्म यावर जास्त उपयोगी पडतात, पण मशीन काढून झोपणाऱ्या माझ्यासारखीला थरथरच खरी. सेन्सर स्वयंपाकघरात मात्र लावू नका. मिरचीच्या फोडणीला आग समजतो. पॅसेजच्या छताला लावल्यापासून फक्त दोनदा लागला: एकदा गणपतीच्या आरतीचा कापूर, एकदा माझी करपलेली खीर. दुसऱ्या वेळी त्याचंच बरोबर होतं. आणि धुराचा सेन्सर गॅसची गळती ओळखत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो; त्याचा डिटेक्टर वेगळा आणि तो जमिनीलगत लागतो. तो अजून घ्यायचा आहे.

कुकरसाठी आवाज ओळखणारी डबी वेगळी घेतली, १,९०० रुपयांची, आणि ते पैसे पाण्यात गेले. शिट्टीला दिवा लागावा म्हणून ती ओट्यावर ठेवली, तर मिक्सरला लागतो, नळाला लागतो, पातेलं आपटलं की लागतो. संवेदन कमी केलं की शिट्टीलाही लागत नाही. आता शिट्ट्या मोजायचं काम ह्यांच्याकडे. तीन सांगितल्या की पाच होतात, भाताचा लगदा होतो, पण तो दोष यंत्राचा नाही.

पेजर साडीच्या निऱ्यांपाशी खोचला तर छान कळतो, गाऊनवर मात्र जागा नाही. मी तो गळ्यात अडकवते. सेल दोन महिने जातात. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते तेव्हा मोठा दिवा आतल्या बॅटरीवर चालतो. सुरुवातीला दिवसभर चालायचा, आता चार तासांत मान टाकतो. आठ महिन्यांत बॅटरी इतकी उतरणं मला पटलेलं नाही. लाइट परत आली की दिवा स्वतःहून एकदा लखलखतो, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मी एकदा उगाच दार उघडते.

घ्यावा का, असं बहिणीने विचारलं. ती कऱ्हाडला एकटीच असते आणि तिचेही कान माझ्याच वाटेवर आहेत. तिला म्हटलं, सगळा संच नको. दाराचं बटण, एक दिवा, चकती आणि धुराचा सेन्सर एवढंच घे, आणि दिवा कुठे लावायचा ते मी येऊन सांगते. जितकी जास्त यंत्रं एकाच दिव्याला जोडाल, तितकं त्या दिव्याकडे दुर्लक्ष होतं. कुकरची डबी होती त्या महिन्यात मी खऱ्या बेललाही ‘असेल मिक्सर’ म्हणून सोडून दिलं होतं.

गेल्या आठवड्यात ओटा लखलखला. जाऊन पाहिलं तर शेजारच्या काकू, हातात कैरीच्या लोणच्याची वाटी आणि चेहरा गोरामोरा. नेहमीसारखं दार ढकललं, ते उघडलं नाही म्हणून घाबरल्या होत्या. ‘अगं, काय झालं म्हणून बघते तर कडी! नऊ वर्षांत पहिल्यांदा शोधावं लागलं बाई, तुमची बेल आहे कुठे ते.’